पाखराचा माग

माझ्या नादाला घरात निरनिराळी नावे आहेत. बायको त्याला 'भटकंती' म्हणते. मुलगा 'बाबांचं ते काम' म्हणतो. शेजारी एक निवृत्त मामलेदार राहतात. भल्या पहाटे गळ्यात दुर्बीण आणि खांद्याला पाण्याची बाटली लटकावून निघालेला माणूस त्यांना कोणत्याच खात्यात बसवता येत नाही, म्हणून ते नुसते 'चालू द्या' म्हणतात. गेली चाळीस-एक वर्षे मी ते चालू दिले आहे. शाळामास्तराच्या पगारात परवडेल असा हा एकच शौक होता. दुर्बीण जुन्या बाजारात मिळाली, सालिम अलींचे पुस्तक एकदाच घेतले, आणि पाखरे तर फुकटच होती. खर्च झाला तो एसटीच्या तिकिटांचा आणि पायताणांचा.

पण पाखरे पाहणे निराळे आणि पाखरू शोधणे निराळे. पाखरे पाहायला कुठे जावे लागत नाही. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकून चहाचा पेला हातात घेऊन परसदारी उभे राहावे, तर पेरूच्या फांदीवर शेपटीचा पंखा उघडून नाचण नाचत असतो, तुळशीच्या कट्ट्यापाशी दयाळ ऐटीत येऊन बसतो, आणि फराळाचे ताट अंगणात ठेवले तर साळुंक्यांना निराळे आमंत्रण लागत नाही. ही सगळी घरची मंडळी. त्यांना पाहून मन प्रसन्न होते, झोप मात्र उडत नाही.

झोप उडते ती दुसऱ्याच पाखराने. पुस्तक चाळता चाळता एखादे चित्र मनात भरते. खाली 'दुर्मिळ' एवढा एकच शब्द असतो आणि कुठल्या तरी आडगावचे नाव असते. मग ते पाखरू माणसाच्या मानगुटीवर बसते. एसटीच्या वेळापत्रकात ते गाव हुडकले जाते, रविवारला जोडून एक किरकोळ रजा टाकली जाते, आणि एके दिवशी आपण कोणाच्याही ओळखीच्या नसलेल्या एका फाट्यावर उतरतो. गाडी धुरळा उडवीत निघून जाते. समोर जे दिसते त्यात पाखरू सोडून सगळे काही असते.

मी वाढलो बार्शीकडे, त्यामुळे माझी पहिली ओढ माळाची. सोलापूरकडचा माळ ज्याने पाहिला नाही त्याला तो शब्दांनी दाखवणे कठीण आहे, कारण त्यात दाखवण्यासारखे असे काही नाही. मुरमाड जमीन, गुडघ्याच्या खाली राहणारे कुसळी गवत, अधूनमधून बोरीचे झुडूप, एखादी बाभूळ, एखादे हिवर, आणि बाकी सगळे आभाळ. सरकारी कागदोपत्री या जमिनीला मानाचे नाव कधी मिळाले नाही. गावाची असली तर गायरान, कोणाची नसली तर पड, आणि शेतकऱ्याच्या सात-बारावर आली तर पोटखराबा. ज्या जमिनीत काही पिकत नाही ती खराब, असा सरळ हिशेब. त्या हिशेबात चंडोल धरलेला नाही, खोकड धरलेले नाही, लांडगा धरलेला नाही.

या खराब जमिनीवरची पाखरे बघायला निराळी विद्या लागते. जंगलात पाखरू पानाआड लपते. माळावर ते उघड्यावर लपते. धाविक नावाचा एक पक्षी आहे. आकाराने टिटवीपेक्षा लहान, पोट विटकरी, डोळ्यावरून काळी-पांढरी रेघ, आणि पाय चुन्यात बुडवून काढल्यासारखे पांढुरके. तो चार पावले तुरुतुरु धावतो आणि थांबतो. धावतो तेव्हा दिसतो, थांबला की ढेकूळ होतो. पखुर्डीचे तर विचारूच नका. ती जमिनीवर बसलेली असली की पायाखाली येईपर्यंत उठत नाही, आणि उठते तेव्हा माणसाच्याच छातीत धस्स होते. याच पखुर्डीचा नर उन्हाळ्यात पाणवठ्यावर जाऊन पोटाची पिसे पाण्यात भिजवतो आणि ते पाणी कोसभर वाहून पिलांना पाजतो. पिले त्याच्या पोटाची पिसे चोखतात. बापाच्या मायेची एवढी थोर गोष्ट ज्या जमिनीवर घडते तिला आपण पोटखराबा म्हणतो.

माळावर सकाळी लवकर जावे, ऊन पाठीवर घ्यावे, आणि बसून राहावे. दहा वाजले की तापलेल्या जमिनीवर हवा लवलवू लागते. मग दुर्बिणीतून पाहावे तर दगडही पोहताना दिसतो. पाखराकडे सरळ चालत जाऊ नये. तिरके जावे, दुसरीकडेच निघाल्यासारखे. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, पुस्तक पिशवीत ठेवून आधी माणूस शोधावा. ही शेवटची गोष्ट मला ज्यांनी शिकवली त्यांना मी आबा म्हणत असे.

१९८४ साल होते. गणपती नुकतेच होऊन गेले होते. सोलापूर-बार्शी रस्त्यावर नान्नजला मी उतरलो. हे गाव तेव्हा पक्ष्यांच्या नादी लागलेल्या लोकांत नाव कमावून होते, कारण तिथल्या माळावर माळढोक होता. माळढोक म्हणजे आपल्याकडच्या गवताळ रानाचा राजा. उभा राहिला की मीटरभर उंच, नराचे वजन दहा-पंधरा किलो. उडणाऱ्या पाखरांत इतके जड पाखरू जगात फार थोडे. डोक्यावर काळी टोपी, पांढरी लांब मान, पाठ मातीच्या रंगाची, आणि चाल अशी, की जहागीर गेली तरी रुबाब गेला नाही. राष्ट्रीय पक्षी म्हणून याचीच निवड व्हावी अशी सालिम अलींची इच्छा होती. १९६३ साली तो मान मोराला मिळाला. मोर सुंदर आहे याबद्दल वाद नाही. पण मोराला कोणी विसरणार नव्हते.

सकाळचे सात वाजले असतील. माळावर मेंढरे पसरली होती आणि काठीवर हनुवटी टेकून एक म्हातारा धनगर उभा होता. मी चहूकडे दुर्बीण फिरवीत होतो. बराच वेळ त्याने माझा तो खेळ पाहून घेतला आणि मग हाक मारली, "काय हुडकाय लागलाय, पाव्हणं?"

"माळढोक, आबा. दिसंल का कुठं?"

"त्येचं काय करणार?"

"बघणार."

"नुस्ता बघणार? खायाचा न्हाई?"

"नाही."

"धरायचा न्हाई, इकायचा न्हाई?"

"नाही हो."

आबांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळले. शहाण्या माणसाने केवळ बघण्यासाठी सोलापूरहून तिकीट काढून यावे हे त्यांना पटत नसावे. पण त्यांना ते वाईटही वाटले नसावे. ते म्हणाले, "मग असं हुबं ऱ्हाऊ नका. ही पांढरी टोपी काढा, ह्ये घोंगडं घ्या आन् मेंढरांत मिसळून चला. त्यो मला भीत न्हाई. तुम्हांस्नी भील."

ते खरेच होते. माळढोक बैलगाडीला बुजत नाही, मेंढराला बुजत नाही, मेंढक्यालाही बुजत नाही. जुने शिकारी याच गोष्टीचा फायदा घेऊन बैलगाडीआडून त्याला टिपत. आम्ही मेंढरांच्या चालीने चाललो. म्हणजे दोन पावले चालायचे आणि दहा पावलांइतके थांबायचे. सप्टेंबरच्या उकाड्यात अंगावर घोंगडे, नाकात मेंढरांचा वास, पायात कुसळे. एक तास गेला. आबा काही बोलत नव्हते. मग ते एकदम थांबले आणि काठीचे टोक न उचलता नुसती मान वळवून म्हणाले, "ऐका."

आधी मला वाटले दूर कुठे तरी विहिरीत कोणी हाक मारतो आहे. खोल, घुमणारा, अंगात शिरणारा आवाज. हूंऽऽम. थोड्या वेळाने पुन्हा. आपल्याकडे काही भागांत माळढोकाला 'हूम' म्हणतात. त्याने स्वतःचेच नाव सांगितले म्हणायचे. आणि मग तो दिसला. समोरच्या उंचवट्यावर, अंगावरची सगळी पिसे फुलवून, शेपूट पाठीवर उभी करून. गळ्याखाली पांढऱ्या पिसांची पिशवी फुगून पखालीसारखी लोंबत होती, ती त्याच्या गुडघ्यांपर्यंत आली होती. जवळपास कुठे तरी गवतात मादी असावी. ती आम्हांला दिसली नाही. त्याचे मात्र सारे लक्ष तिच्याकडे होते. मध्येच तो थांबे, मान उंच करून चारी दिशा बघे, आणि पुन्हा हूंऽऽम.

मी किती वेळ पाहिले ते मला आठवत नाही. आबांनी शेंगा काढल्या, आम्ही दोघांनी खाल्ल्या. ते हळू आवाजात सांगत होते. मादी वर्षाला एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर, काडीचा आधार न घेता. बसलेली मादी एकदा दिसली की ते कळप पलीकडून वळवतात, मेंढराचा खूर पडू नये म्हणून. आणि मेंढरे चरतात म्हणूनच तो इथे आहे, असेही ते म्हणाले. "गवात कमरंयेवढं वाढलं तर त्येला कोल्हा कसा दिसावा? ह्यो लांब नजरंचा गडी हाय."

पाखरांच्या अभ्यासकांनीही पुढे हेच लिहिले. माळढोकाला फार उंच गवत चालत नाही आणि अगदी खरवडलेला माळही चालत नाही. थोडे चरलेले, थोडे राखलेले, मध्येच ज्वारी-करडईचे, हुलग्या-मटकीचे एखादे कोरडवाहू शेत, असा मिश्र मुलूख त्याला लागतो. नाकतोडे, भुंगे, सरडे, बोरे, शेंगदाणे असे तो काय वाटेल ते खातो. कोरडवाहू शेतकरी, मेंढके आणि माळढोक यांचा संसार शेकडो वर्षे एकाच जागेत चालला होता, आणि कोणाचे कोणावाचून अडत होते हे कोणी मोजले नव्हते.

मोजायची वेळ आली तेव्हा ती घाईने आली. नान्नजच्या या पाखरांकडे अभ्यासकांचे लक्ष गेले ते १९७०च्या दशकात, आणि १९७९ साली सरकारने माळढोकासाठी अभयारण्य जाहीर केले. हेतू उत्तम होता, पण कागदावर रेघ मारताना हात सैल सुटला. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतला मिळून ८,४९६ चौरस किलोमीटर मुलूख अभयारण्यात आला. त्यात गावे आली, बाजारपेठा आल्या, हजारो शेतकऱ्यांची शेते आली. जमिनीचे व्यवहार अडू लागले. मुलीच्या लग्नासाठी दोन एकर विकायला निघालेल्या शेतकऱ्याला परवानगीचे कागद दाखवा म्हणून सांगितले की तो ज्या पाखराला पिढ्यान्‌पिढ्या ओळखत होता त्याच्याकडे निराळ्या नजरेने पाहू लागतो. एका गृहस्थाने मला चावडीवर विचारले, "गुरुजी, त्या पाखराला सांगा की, माझ्या वावरात येऊ नको." पुढे बऱ्याच वर्षांनी अभयारण्याची हद्द कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणली गेली, पण तोपर्यंत मने कडू होऊन गेली होती.

इकडे मुलूखही पालटत होता. उजनी धरणाचे पाणी आले, विहिरी खोल गेल्या, कोरडवाहू ज्वारीच्या जागी ऊस आणि बागा आल्या. खुद्द नान्नजच्या एका शेतकऱ्याने द्राक्षाची 'सोनाका' ही जात काढली आणि गावाचे नाव बाजारात दूरवर नेले. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ सोसला त्यांनी द्राक्षे लावली तर त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. दिवाळीच्या ताटात बेदाणे आपणही घालतोच. पण द्राक्षाच्या मांडवात माळढोक राहू शकत नाही. कुठे 'ओसाड' जमीन हिरवी करण्याच्या उत्साहात माळावर झाडे लावली गेली. झाड लावणे हे पुण्य खरे. पण माळावर दाट झाडी म्हणजे या पाखराच्या घरात भिंतीच भिंती. आणि मग तारा आल्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. समोरची बारीक तार त्याला वेळेवर दिसत नाही, आणि जड अंगामुळे ऐनवेळी वळताही येत नाही. विजेच्या तारांवर आपटून मरणे हे आज त्याच्या मरणाचे मोठे कारण आहे.

२०११ साली जगातल्या अतिसंकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत माळढोकाचे नाव गेले. आज साऱ्या देशात मोकळ्या रानात राहणारे माळढोक दीडशेसुद्धा उरलेले नाहीत, आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात, थरच्या वाळवंटाकडे आहेत. २०१९ साली तिथे जैसलमेरजवळ रानातली अंडी उबवून पिले वाढवण्याचे काम सुरू झाले. २०२४ साली कृत्रिम रेतनाने झालेले पहिले पिलू जन्माला आले. ती बातमी मी वर्तमानपत्रातून कापून ठेवली आहे. आनंद झालाच. पण ज्याला मी उंचवट्यावर उभा राहून घुमताना पाहिले त्याचे भाईबंद आता यंत्राच्या उबेत जन्म घेतात, हे वाचताना घशाशी काही तरी अडकले.

एवढे वाचून वाचक म्हणतील, सणासुदीला ही कसली रडकथा! म्हणून आता हरवलेले पाखरू सापडल्याची गोष्ट सांगतो. तीही आपल्याच महाराष्ट्रातली आहे.

पिंगळा सगळ्यांच्या ओळखीचा. संध्याकाळी वडाच्या ढोलीतून डोके काढून भांडण उकरून काढणारे ते छोटे घुबड. पहाटे कुडमुडे वाजवीत येणारा आणि पाखराची भाषा आपल्याला कळते असे सांगणारा भविष्यवेत्ता याच्याच नावाने 'पिंगळा' झाला. याचा एक रानातला भाऊ आहे. १८७३ साली ह्यूमसाहेबाने त्याचे पहिले वर्णन केले. आजच्या छत्तीसगडात ब्लुइट नावाच्या अधिकाऱ्याला त्याचा एक नमुना मिळाला होता, म्हणून शास्त्रीय नावात ब्लुइटचे नाव राहिले. १८८० ते १८८४ या काळात खानदेशात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने आणखी काही नमुने गोळा केले. आणि मग हा रानपिंगळा जो नाहीसा झाला तो झालाच. सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या जाणत्यांनीही शोध घेतला. हाती काही लागले नाही.

गंमत अशी की, शोधाची वाट एका लबाडीने चुकवली होती. रिचर्ड मायनर्ट्झहागेन नावाचा एक नामांकित इंग्रज सेनाधिकारी होता. १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ आपण हे पाखरू मारले, असा त्याचा दावा. जगाने तो मानला. अमेरिकेतल्या पामेला रासमुसेन या विदुषीने त्या कातड्याची बारकाईने तपासणी केली तेव्हा निघाले, की ते डेव्हिडसननेच खानदेशात गोळा केलेले पाखरू. लंडनच्या संग्रहालयातून ते चोरून, नव्याने शिवून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती! ती खोटी चिठ्ठी बाजूला केल्यावर खऱ्या चिठ्ठ्या उरल्या. त्यांवर लिहिलेल्या गावांचा माग काढीत रासमुसेनबाई, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट १९९७च्या नोव्हेंबरात भारतात आले. आधी पूर्वेकडची जुनी ठिकाणे धुंडाळली. तिथे काही नाही. मग सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ आले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी एका निष्पर्ण झाडावर, भर उजेडात, ते पाखरू बसले होते. एकशे तेरा वर्षे हरवलेले पाखरू डेव्हिडसनने सोडले त्याच मुलखात होते.

हे वाचल्यावर मला घरी बसवले नाही. पुढे हा पक्षी मेळघाटातही असल्याचे कळले, आणि एका जानेवारीत परतवाड्याहून घाट चढून मी सेमाडोहला गेलो. सिपना नदीचा काठ, सागाचे रान, हाडे गोठवणारी थंडी. बरोबर एक कोरकू तरुण वाटाड्या म्हणून होता. मी पहाटे पाचलाच निघायची घाई करीत होतो. तो म्हणाला, "एवढ्या लवकर कशाला, साहेब? तो ऊन खायला येतो."

घुबड आणि ऊन खायला! पण रानपिंगळ्याचे तसेच आहे. हा दिवसा जागणारा पक्षी. आठ वाजून गेल्यावर उन्हाची पहिली तिरीप सागाच्या शेंड्यांवर आली. एका पाने झडलेल्या झाडाच्या टोकाला तो दिसला. हाताच्या वितीएवढा, अंग फुगवून चेंडू झालेला. गावच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, याचे डोके जवळजवळ साधे. पोट स्वच्छ पांढरे. नखे आणि चोच अंगाच्या मानाने दांडगी. शेपटी या बाजूची त्या बाजूला झटकत तो खालच्या गवतात बघत होता. मग तीरासारखा उतरला आणि पालीएवढे काही तरी घेऊन पुन्हा वर येऊन बसला. मी वाटाड्याला हळूच सांगितले, की हा पक्षी शंभराहून अधिक वर्षे हरवला होता. साहेब लोक समुद्रापलीकडून त्याला शोधायला आले होते.

त्याने आश्चर्याने त्या झाडाकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. "हरवला कधी? तो तर इथंच बसतो."

या एका वाक्याने मला आबा आठवले. विदर्भातच अकोला-वाशीमकडचे फासेपारधीही आठवतात. तिथल्या माळरानावर पावसाळ्यात तणमोर येतो. माळढोकाच्याच कुळातला, पण कोंबडीएवढा. त्याचा नर गवतातून दोन-दोन हात उंच उड्या मारून मादीला आपला पत्ता सांगतो. दिवसातून शेकडो उड्या. उडी मारून खाली आला की गवताने त्याला गिळलाच. कोणत्या गवतात तो उतरतो, कुठे अंडी घालतो, हे फासेपारध्यांइतके कोणाला ठाऊक नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी फास लावूनच ते ज्ञान मिळवले. आज त्यांच्यातलीच माणसे ती माळराने राखण्याच्या कामात आहेत. फास लावणारा डोळा राखणीला बसला, की दुसरा पहारेकरी लागत नाही.

मला वाटते, दुर्मिळ हा शब्द शहरातून गावाकडे गेलेला आहे. आपण पाखरू शोधायला जातो तेव्हा खरे म्हणजे त्याच्या शेजाऱ्याला शोधत असतो. त्या शेजाऱ्याने काठी टेकून नुसती मान वळवली, की पाखरू दिसते. आणि माझी चिंता आता पाखराइतकीच त्या शेजाऱ्याची आहे. मेंढके कमी झाले. ज्यांची मेंढरे आहेत त्यांना चरायला माळ नाही. मुले पुण्या-मुंबईला गेली. मेंढरे गेली, की कुठे गवत माजते, कुठे नांगर येतो. आणि मादी अंड्यावर बसलेली पाहून कळप वळवणारा माणूसही उरत नाही. पाखरू गेल्याची नोंद कोणत्या तरी यादीत होते. हा माणूस गेल्याची यादी कोणी ठेवत नाही.

आबा जाऊन आता वीस वर्षे झाली. त्यांचा नातू हंगामात द्राक्षांची गाडी चालवतो, पण आजोबांची दहा-बारा मेंढरे त्याने मोडलेली नाहीत. गेल्या दिवाळीत माझी दहा वर्षांची नात पुण्याहून आली होती. तिने माझ्या तोंडून माळढोकाची गोष्ट इतक्यांदा ऐकली आहे, की हूंऽऽम तिला माझ्यापेक्षा चांगले काढता येते. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, ओवाळणी उरकल्यावर, तिने हट्ट धरला. "आजोबा, मला खरा माळढोक दाखवा." तिची आजी म्हणाली, "घेऊन जा एकदाचे. चकल्यांचा डबा तेवढा परत आणा."

आम्ही दुपार कलताना नान्नजला पोचलो. आबांचा नातू मोटारसायकलवरून वाट दाखवायला आला. पोरीने पहिल्याच सलामीला त्याला विचारले, "दादा, माळढोक आहे ना?" तो क्षणभर थांबला. मग तिच्यापाशी उकिडवा बसून म्हणाला, "पूर्वी हुते, ताई. आता कदी मदी एकांदी येती म्हणत्यात. औंदा मी बघितली न्हाई." तिला खोटे सांगून गप्प करणे सोपे होते. त्याने ते केले नाही, म्हणून मला तो आवडला.

मग त्याने आपल्या आजोबांसारखेच आम्हांला मेंढरांच्या आडोशाने नेले. नांगरटीच्या कडेला तीन धाविक धावले आणि थांबले. पोरीने ढेकळांतून ते तिन्ही परत शोधून काढले, माझ्या आधी. सूर्य टेकायला आला तसे पश्चिमेकडून भोवत्या जातीचे शिकारी पक्षी येऊ लागले. लांब पंख, गवताला घासून जाईल असे संथ उडणे. दिवाळीच्या सुमारास हे पाहुणे आपल्याकडे येतात. त्यांतले काही थेट कझाकस्तानच्या गवताळ पठारांवरून. दिवसभर शेतांवरचे नाकतोडे टिपतात आणि रात्री माळावरच्या गवतात, जमिनीवरच, मुक्कामाला उतरतात. एक आला, दोन आले, मग चारी दिशांनी येऊ लागले. आभाळ तांबूस झाले होते, आणि ते पक्षी त्या गवतावर गोल गोल फिरत एकेक करून खाली बसत होते. तिघेही आम्ही गप्प होतो. हवेत गारवा आला तेव्हा आबांच्या नातवाने मेंढरांच्या पाठीवरचे घोंगडे काढून पोरीच्या खांद्यावर टाकले.

परतीच्या गाडीत तिने वही काढली आणि डुगडुगत्या अक्षरांत दिवसाचा हिशेब लिहिला. भोवत्या ३४, धाविक ३, पखुर्ड्या ७, चंडोल पुष्कळ, खोकड १. सगळ्यांत वर तिने सकाळी निघतानाच माळढोक लिहून ठेवला होता. त्याच्यापुढे तिने आकडा घातला नाही, आणि ती ओळ खोडलीही नाही.

यंदा त्या बाजूला पाऊस बरा झाल्याचे आबांच्या नातवाने फोनवर सांगितले. गवत आहे, मेंढरे चांगली आहेत. भाऊबीज झाली की आम्ही जाणार आहोत. चकल्यांचा डबा या वेळी त्याच्याकडेच ठेवून यायचा, असे आजीनेच ठरवले आहे.